चौथी ते पाचवी: सत्तरी तालुक्यातल्या एका घराचे सव्वा वर्ष

माझी लेक गावातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून चौथी पूर्ण करून जून २०२४ मध्ये सरकारी हायस्कुलात इंग्रजी माध्यमाच्या पाचवीत गेली आणि एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे हे लिहिण्याच्या थोडे आधी, सहावीत पोहोचली. या सव्वा वर्षात आम्ही कोणत्या कागदांसाठी कुठे गेलो, किती थांबलो, किती खर्च झाला आणि तिला नेमके काय जड गेले, हे मी तारखांसह लिहून ठेवत होते. गावातल्या पुढच्या वर्गातल्या मुलांच्या आया तेच प्रश्न विचारू लागल्या, म्हणून ते सगळे सलग लिहीत आहे.

आमचे गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आहे. मी एका सहकारी पतसंस्थेत काम करते आणि माझे यजमान औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर जातात. गावची शाळा पहिली ते चौथीपर्यंतच आहे, कारण गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा साधारणपणे चौथीला संपते आणि पाचवीसाठी मुलाला हायस्कुलात जावे लागते. प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी माध्यमाची आणि हायस्कूल मात्र जवळपास सगळीकडे इंग्रजी माध्यमाचे, ही इथली जुनी घडी आहे. १९९० नंतर सरकारी अनुदान मराठी आणि कोकणी प्राथमिक शाळांनाच मिळत होते. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही ते देण्याचा निर्णय झाला. त्यामुळे आज पाचवीच्या एकाच बाकावर चार वर्षे इंग्रजीतून गणित शिकलेले मूल आणि चार वर्षे मराठीतून गणित शिकलेले मूल शेजारी बसते, आणि दोघांपुढे प्रश्नपत्रिका एकच येते.

माझ्या सासूबाई चौथी पास आहेत. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी शाळा उघडल्या, तेव्हा त्या शाळेत गेलेल्या आमच्या वाड्यावरच्या पहिल्या काही मुलींपैकी त्या एक. पाचवीसाठी नदी ओलांडून जावे लागे आणि पावसाळ्यात साकव, म्हणजे पायवाटेचा लहान पूल, पाण्याखाली जाई, म्हणून त्यांचे शिक्षण तिथेच थांबले. आज मोठा पूल आहे आणि कदंबची सरकारी बसही आहे. तरी चौथीचा शेवट जवळ येऊ लागला तसे घरात मला पुन्हा तीच अस्वस्थता जाणवू लागली, आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर तर ती स्पष्ट दिसत होती.

जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात मी चौकशीला सुरुवात केली. शेजारच्या तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलचे नाव सगळे घेत होते. तिथल्या कारकुनांनी नीट माहिती दिली, परंतु पहिलेच वाक्य असे होते की, आमच्याच प्राथमिक विभागातली मुले थेट पाचवीत येतात आणि उरलेल्या जागा बाहेरच्यांना मिळतात. त्या वर्षी उरलेल्या जागा चौदा होत्या. अर्ज पन्नास रुपयांना मिळाला. सोबत जन्मदाखला, आधार कार्ड, रेशन कार्डाची प्रत, तिसरीचे प्रगतिपुस्तक, चौथीच्या पहिल्या सत्राचे गुण आणि चार फोटो मागितले होते. माझ्याकडचा जन्मदाखला लॅमिनेट केलेला होता आणि तो चालणार नाही असे सांगितले गेले, म्हणून पंचायतीतून नवी प्रत काढावी लागली आणि त्यात पाच दिवस गेले. ज्यांची मुले आज तिसरीत आहेत त्यांनी जन्मदाखल्याच्या दोन प्रती आताच काढून साध्या पिशवीत ठेवाव्यात आणि आधार कार्डावरचे नाव जन्मदाखल्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का, तेही पाहून घ्यावे. आमच्या शेजारणीचे पूर्ण तीन आठवडे एका वेलांटीपायी गेले.

शनिवार, २ मार्चला मुलांना ‘भेटीसाठी’ बोलावले होते. आम्ही सकाळच्या बसने निघालो. लेकीला एका खोलीत नेले आणि मी बाहेर व्हरांड्यात बसले. सात-आठ मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातातल्या रुमालाचा घामाने बोळा झाला होता. एका चित्राबद्दल इंग्रजीत पाच वाक्ये बोलायला सांगितले होते आणि तिने दोनच सांगितली. परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि होंडा गाव येईपर्यंत एक शब्दही बोलली नाही. शुक्रवारी, १५ मार्चला यादी लागली. तिचे नाव नव्हते. गावातल्या ज्या तिघांनी अर्ज केले होते, त्यांच्यापैकी एकाचेही नव्हते.

त्या रात्री मी शिक्षण हक्क कायदा पहिल्यांदा नीट वाचला. २००९ चा हा कायदा पहिली ते आठवी हे एकसंध प्राथमिक शिक्षण मानतो, ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. कलम ५ म्हणते की, ज्या शाळेत आठवीपर्यंतची सोय नाही तिथल्या मुलाला पुढच्या शिक्षणासाठी सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यावा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू किंवा लांबवू शकत नाही, असेही त्याच कलमात आहे. कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला पंचवीस हजार रुपयांपर्यंत आणि नंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही. ज्या शाळेत अर्ज करणार ती कोणत्या प्रकारची आहे, हे आधी विचारून घ्यावे. आम्ही गेलो ती शाळा अल्पसंख्याक संस्थेची नव्हती.

आम्ही तिन्ही घरांनी मिळून त्या तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांना मराठीत एक पानाचा अर्ज लिहिला. तक्रारीचा सूर टाळला. मुलांना कोणत्या तारखेला बोलावले, काय विचारले, कायद्याचे कलम काय सांगते आणि आमची विनंती काय आहे, एवढेच लिहिले. विनंती एकच होती: उरलेल्या चौदा जागा चिठ्ठ्या टाकून द्याव्यात. बुधवारी, २० मार्चला अर्ज दिला आणि पोचेवर शिक्का घेतला. ती पोच फार उपयोगी पडते, कारण पुढच्या प्रत्येक फेरीत पहिला प्रश्न ‘अर्ज कधी दिला?’ हाच येतो. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली होती, कार्यालयातले अर्धे लोक निवडणुकीच्या कामावर होते आणि आम्हाला दोनदा मोकळ्या हाताने परतावे लागले. शेवटी १२ एप्रिलला निरोप आला की शाळेने चिठ्ठ्या काढण्याचे मान्य केले आहे.

चिठ्ठ्या २० एप्रिलला शाळेच्या सभागृहात सगळ्या पालकांसमोर काढल्या. अर्ज एकतीस होते. सहावीतल्या एका मुलाने स्टीलच्या डब्यातून एकेक चिठ्ठी काढली आणि शिक्षिकेने नाव वाचले. गावातल्या तिघांपैकी दोघांची नावे निघाली, माझ्या लेकीचे निघाले नाही. मला वाईट वाटले, परंतु २ मार्चच्या दुपारी वाटले होते तसे ते नव्हते. त्या दिवशी माझ्या मुलीला कमी ठरवले गेले होते. या दिवशी तिची चिठ्ठी आली नाही एवढेच झाले, आणि तिलाही तो फरक समजला. घरी पोहोचल्यावर त्या दोघांच्या घरी पेढे द्यायला तीच गेली.

चौथीचा निकाल एप्रिलच्या अखेरीस लागला. तिच्या चौथीत सात मुले होती. दोघे अनुदानित हायस्कुलात गेले, एक मुलगी आजोळी डिचोलीला गेली आणि उरलेल्या चौघांसाठी आम्ही सहा किलोमीटरवरचे सरकारी हायस्कूल धरले. तिथे प्रवेशाला नकार नव्हता, पण शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. आमच्या मुख्याध्यापक बाई निवडणुकीच्या प्रशिक्षणात, नंतर ७ मेच्या मतदानात आणि मग सुट्टीत होत्या. दाखल्याशिवाय नाव घेता येणार नाही असे हायस्कूलच्या खिडकीवर सांगितले गेले, तेव्हा मी कलम ५ चा उल्लेख करून दोन ओळींचा अर्ज दिला आणि दाखला पंधरा दिवसांत आणून देण्याचे त्यात लिहिले. नाव घेतले गेले. दाखला १४ मेला हातात आला आणि १६ मेला प्रवेश पक्का झाला. पुस्तके सरकारकडून मिळाली आणि आठवीपर्यंत माध्यान्ह आहारही आहेच. तरी दोन गणवेश, बूट, छत्री, रेनकोट, दप्तर, वह्या आणि पालक-शिक्षक संघाची वर्गणी मिळून ४,३८० रुपये लागले. त्याआधीच्या फेऱ्या, झेरॉक्स आणि फोटो यांचे ७६० रुपये वेगळे, आणि माझी साडेचार दिवसांची रजा वेगळी. रोजंदारीवर जाणाऱ्या आईने हे साडेचार दिवस कुठून आणायचे, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मे महिन्याच्या त्या रिकाम्या दिवसांत मी शाळांच्या रचनेबद्दल मिळेल ते वाचत होते. त्यात फिनलंडची हकिगत मला सर्वांत जवळची वाटली. तिथेही पूर्वी प्राथमिक शाळेच्या चौथ्या वर्षानंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होत: काही मुले पुढे महाविद्यालयाकडे नेणाऱ्या शाळेत जात, तर बाकीची लवकर कामाला लावणाऱ्या शाळेत. १९७२ मध्ये उत्तरेकडच्या लॅपलंडपासून सुरुवात करून १९७७ पर्यंत, प्रदेशामागून प्रदेश घेत, त्यांनी ही फाटाफूट मोडली आणि सर्वांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा केली. बदल टप्प्याटप्प्याने झाल्यामुळे संशोधकांना नव्या आणि जुन्या शाळांतून गेलेल्या मुलांची तुलना करता आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, वडिलांच्या कमाईचा मुलाच्या कमाईशी असलेला संबंध या बदलामुळे सुमारे २३ टक्क्यांनी सैल झाला. जर्मनीत बहुतेक राज्यांत आजही चौथीनंतर वाटा फुटतात, बर्लिन आणि ब्रँडेनबर्गमध्ये सहावीनंतर. हानुशेक आणि वोसमान या अर्थतज्ज्ञांनी २००६ मध्ये अनेक देशांतल्या चौथीच्या आणि पुढच्या वयातल्या चाचण्या शेजारी ठेवून पाहिले, तर जिथे वाटा लवकर फुटतात तिथे मुलांमधली दरी वाढत जाते आणि एकूण यश मात्र वाढलेले दिसत नाही, असे त्यांना आढळले.

गोव्यात चौथीला कोणी मुलांची निवड करत नाही, हे मला मान्य आहे. कागदावर सगळ्यांची वाट एकच आहे. पण त्याच जागी शाळा बदलते, अंतर वाढते आणि शिकण्याची भाषाही बदलते, आणि हे तिन्ही बदल फक्त सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या वाट्याला एकाच जूनमध्ये येतात. कायदा ज्या आठ वर्षांना एक मानतो त्यांच्या बरोबर मध्यावर आम्ही भेग ठेवली आहे. मातृभाषेतून सुरुवात करण्यावर माझा पूर्ण विश्वास आहे आणि गावची शाळा निवडल्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झालेला नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. मराठीत पक्के शिकलेले ज्ञान पलीकडे नेणारा साकव मात्र कोणीतरी बांधायला हवा, आणि आज तो प्रत्येक घर आपापल्या ऐपतीप्रमाणे बांधते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात हायस्कूल सुरू झाले. पहिला महिना भर पावसात, सकाळी सात पाचच्या बसमागे धावण्यात गेला. जुलैच्या शेवटी पहिली घटक चाचणी झाली आणि गणितात वीसपैकी सहा गुण आले. चौथीत गणित तिचा आवडता विषय होता. रविवारी सकाळी मी आंबोळ्या घालत होते आणि ती पेपर घेऊन चुलीजवळच्या पाटावर बसली. तिने विचारले, ‘न्यूमरेटर म्हणजे काय गे आई?’ मी म्हटले, ‘अंश.’ ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने पाटीवर तीन अपूर्णांक लिहिले, प्रत्येकाच्या अंशाभोवती वर्तुळ काढले आणि म्हणाली, ‘एवढेच विचारले होते?’ तो प्रश्न तिने कोरा सोडला होता. मी एकेक प्रश्न मराठीत वाचत गेले आणि ती पाटीवर उत्तरे काढत गेली. आंबोळ्यांचे पीठ संपेपर्यंत तिची चौदा गुणांची उत्तरे बरोबर आली होती.

त्याच दिवशी आम्ही शंभर पानी वही केली. डावीकडे मराठी शब्द, मध्ये इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्याचा उच्चार देवनागरीत. अंश, छेद, परिमिती, स्थानिक किंमत, बाष्पीभवन, अक्षांश, रेखांश. वर्गात नवा शब्द आला की ती त्याच दिवशी लिहायची आणि अर्थ अडला तर चौथीच्या मराठी पुस्तकात शोधायची. चौथीची पुस्तके रद्दीत देऊ नयेत, हे मी प्रत्येक पालकाला आग्रहाने सांगते. पाचवीत जे शिकवतात त्याचा बराच पाया त्यांत आहे आणि मुलाला आपल्याला हे येते, हे त्या पानांवर दिसते.

तो पेपर घेऊन मी ऑगस्टमध्ये गणिताच्या सरांना भेटले. पाचवीतली निम्मी मुले याच कारणाने अडतात हे त्यांना ठाऊक होते, पण पोर्शन पुरा करायचा असल्याने वेळ मिळत नव्हता. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. हा विषय तिथे मांडा, असे सरांनीच सुचवले. समितीच्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. पहिल्या सत्रापुरते चाचणीतले प्रश्न शिक्षक एकदा मराठी-कोकणीतून वाचून दाखवतील, आणि आठवड्यातून दोनदा सरकारी प्राथमिक शाळांतून आलेल्या मुलांसाठी सर अर्धा तास शब्दांसाठी देतील. गणेश चतुर्थीच्या सुट्टीनंतर हे सुरू झाले. त्यासाठी एक पैसाही खर्च झाला नाही. सरांची अर्ध्या तासाची रिकामी तासिका मात्र गेली, आणि त्यांनी ती वर्षभर न चुकता दिली.

सहामाहीत गणितात ती सावरली. विज्ञानाला डिसेंबर उजाडला, आणि समाजशास्त्रात लांब उत्तरे लिहिताना ती अजूनही अडखळते. पण मला तिच्यापेक्षा तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाबद्दल लिहायचे आहे. तो आमच्याच वाड्यावरचा, तिच्याच चौथीतला, पाढ्यांत तिच्यापेक्षा पुढे. घरी आई-वडील दोघेही काजूच्या बागायतीत राबतात आणि दोघांनाही इंग्रजी वाचता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणची, वाळपईची शिकवणी महिना आठशे रुपये, शिवाय परतीची बस नाही. नोव्हेंबरपर्यंत त्याने वर्गात हात वर करणे सोडून दिले होते. शब्दांच्या तासिकेने तो थोडा उभा राहिला, पण जूनपासून गेलेले पाच महिने त्याला परत मिळाले नाहीत. दोन्ही मुलांनी एकाच बाईंकडे, एकाच खोलीत, एकाच फळ्यावर भागाकार शिकला होता. त्यांच्यात पाचवीत जो फरक पडला तो माझ्या पतसंस्थेतल्या नोकरीचा आणि रविवार सकाळच्या मोकळ्या वेळाचा होता.

यंदा सहावीपासूनचे वर्ग जूनऐवजी ७ एप्रिल २०२५ ला सुरू झाले. पाचवीचा निकाल आणि सहावीचा पहिला दिवस यांत श्वास घ्यायलाही फुरसत मिळाली नाही. जी मुले या जूनमध्ये पाचवीत जातील त्यांना अजून मे महिना मोकळा आहे आणि तो कामी लावता येईल. लेकीच्या वहीत ३१२ शब्द झाले आहेत. चौथी झालेल्या पाच मुलांसाठी आम्ही त्या वहीच्या पाच प्रती काढल्या. वाळपईच्या झेरॉक्सवाल्याने बांधणीसह प्रत्येकी पंच्याण्णव रुपये घेतले आणि ते पैसे पालक-शिक्षक संघाने दिले. मे महिन्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ही मुले गावच्या शाळेच्या व्हरांड्यात बसतील. चावी मुख्याध्यापक बाईंनी माझ्याकडे देऊन ठेवली आहे. पहिल्या आठवड्यात अपूर्णांक घ्यायचे ठरले आहे, आणि ते शेजारच्या त्या मुलाने शिकवायचे कबूल केले आहे.